कॉटचं माप

३ मार्च, सोमवार
आलो एकदाचे! नवं घर, तिसरा मजला, आणि बाळासाठी चक्क वेगळी खोली. दहा बाय आठची, भिंतींना नुकताच पिवळा रंग दिलेला. सातवा महिना म्हणून ह्याने मला एकही खोकं उचलू दिलं नाही. मी स्टुलावर बसून हुकूम सोडले. संध्याकाळी त्या रिकाम्या खोलीत फरशीवर बसून दोघांनी चहा प्यायला. कॉट इथे, कपाट तिथे, दूध पाजायची खुर्ची खिडकीशी. खुर्चीवरून भांडण होता होता राहिलं.

८ मार्च, शनिवार
बाळाचं फर्निचर निवडण्यापेक्षा बाळंतपण सोपं असावं. चार दुकानं पालथी घातली. एका कॉटच्या गजांतून माझी अख्खी मूठ आरपार जाते. दुसरीच्या रंगाचा वास असा की डोकं उठलं. तिसरीला चाकं, सासूबाईंनी फोनवरच ती बाद केली. वर दुकानदार सगळं ह्यालाच समजावून सांगत होता, मी जणू कोपऱ्यात ठेवलेलं टेबल! खुर्ची तेवढी पसंत करून आले. कॉट शेवटी गल्लीच्या टोकाच्या सुतारकाकांना सांगितली. चार फूट लांब, दोन फूट रुंद, कडा गोल. काकांनी कानावरची पेन्सिल काढून नीट लिहून घेतलं. सुटले.

१५ मार्च, शनिवार
सुटले कसली! आज कॉट मिळायची होती. काका निवांतपणे म्हणाले, "मंगळवारी तुम्हीच येऊन लांबी वाढवायला सांगितलीत ना? सगळं पुन्हा कापायला घेतलंय." मंगळवारी मी तीन तास डॉक्टरांकडे रांगेत बसले होते. तसं सांगितलं तर म्हणे, नाही हो, तुम्हीच, हाच चष्मा, हेच पोट. मी चार फूट, चार फूट असं चारदा बजावून आले. त्यांनी मान डोलावली, पण गरोदर बाईची समजूत घालतात तशी.

१९ मार्च, बुधवार
आता खुर्चीची पाळी. दुकानातून फोन आला, रद्द केलेली ऑर्डर पक्की रद्द समजायची का? मी रद्द केलीच नाही म्हटलं. "मॅडम, कालचा आवाज तुमचाच होता." ह्याला सांगितलं तर हसला. या दिवसांत असं विसरायला होतं म्हणे, ताईचंही असंच व्हायचं. मी ताट आदळून उठले. मी विसरत नाहीये. कुणी ऐकतंय का? मी विसरत नाहीये.

२४ मार्च, सोमवार
कॉट आली. पाच फूट दोन इंच. दोनदा टेप लावून बघितली.
काकांवर इतकी ओरडले की शेजारची दारं उघडली. त्यांनी निमूटपणे एक कागद पुढे केला. वर माप, खाली "एवढीच हवी". अक्षर माझं. काका माझ्याकडे बघायचं टाळत म्हणाले, गेल्या सोमवारी तुम्ही दुकानात फरशीवर आडव्या झालात आणि म्हणालात, घ्या माप.
माझी उंची पाच फूट दोन इंच आहे.
ह्याला म्हटलं, ही आत्ताच्या आत्ता परत पाठव. तर म्हणतो, अगं, सकाळी फोनवर तर केवढी खूश होतीस. मी सकाळी फोन केलाच नव्हता.

२७ मार्च, गुरुवार
डॉक्टरांकडून लवकर आले. बाळाच्या खोलीत हा हसत होता. पडद्यांबद्दल बोलणं चाललं होतं. निळे नकोत, असं कुणीतरी म्हणालं.
माझ्या आवाजात.
मी दार ढकललं. आत हा एकटाच. माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "आत्ता तर अनवाणी होतीस. चपला कधी घातल्यास?"

२९ मार्च, शनिवार
इथून निघायचं. रडून रडून ह्याला सांगितलं. बरं म्हणाला, पण कसा बघत होता —
सासूबाईंना फोन केला, उद्या येतोय म्हणून. त्या वैतागल्या. "अगं, आत्ताच तर येत नाही म्हणून फोन ठेवलास! एकदा काय ते ठरव." मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

३० मार्च, दुपार
कपडे पिशवीत भरायला बाळाच्या खोलीत आले. दार लागलं. उघडत नाही. वही पिशवीत होती म्हणून —
हाका मारल्या. दार बडवलं. ह्याने बाहेरून विचारलं, आत कोण आहे?
माझा आवाज म्हणाला, कुणी नाही रे. वाऱ्याने दार आपटलं असेल.
मग ती कळवळली. कळा सुरू झाल्या म्हणाली. हा धावला. हळू, मी आहे ना, धर मला — किती मायेने —
जिन्यावर पावलं. मी ओरडतेय. ह्याला ऐकू कसं येत नाही?
खिडकीतून दिसतायत. हा तिला गाडीत बसवतोय. तिने मान वर केली. माझ्याकडे बघितलं.
बाळाला काही होऊ नये म्हणून परत न गेलेल्या त्या कॉटला टेकून खाली बसले, पोट धरायला हात नेला तर अंगावरचा झगा नुसता सैल लोंबतोय, आत पोट —