रेफुहिओ, दोघांनाही चालणारं नाव

१४ मे
आज सकाळी कूका आत्याला पोचवून आलो. लोक पांगल्यावर चर्चमध्ये एकटाच थांबलो आणि आश्रयमातेला नवस बोललो. आत्या गेली. आता गावात रेफुहिओ नावाचा मी एकटा उरलो. रेफुहिओचं लाडकं रूप पुरुषाला कूको, बाईला कूका. मी लहान असताना चौकात कुणी "कूको!" म्हणून हाक मारली की निम्म्या टोप्या वळायच्या, "कूका!" म्हटलं की निम्म्या शाली. खरं नाव तेच, बाप्याचंही आणि बाईचंही. अर्थ आसरा; नाव आश्रयमातेवरूनच. जुने पाद्री खेचरावर मातेचं चित्र लादून या डोंगरात आले, तेव्हापासूनचं.

नवस असा: जुलैत माझ्या लेकीला, नायेलीला, जे होईल, त्याचं नाव रेफुहिओ. मुलगा होवो की मुलगी, बसतंच. नाही म्हणायला कारणच सापडणार नाही.

१५ मे
ठरवलं. नायेलीला एवढ्यात सांगायचं नाही. तिला आपणहून सुचलं पाहिजे.

संध्याकाळी. सांगून टाकलं. हसताना जावई उरिएलला घेवड्याचा ठसका लागला. बायको म्हणाली, "एक कूको सांभाळता सांभाळता माझे केस पिकले, अजून एक नको." नायेली म्हणाली, "बाबा, हे नाव आता फक्त थडग्यांवर दिसतं." एकंदरीत सुरुवात चांगली झाली. स्पष्ट नकार कुणीच दिला नाही.

२ जून
पाद्रे आन्सेल्मो भेटले. आत्यासाठी वाजवताना चर्चची लहान घंटा तडकली, ती वितळवून नवी ओतायची आहे. धातू कमी पडतोय, म्हणून लोक जुन्या किल्ल्या, नळ, समया आणून देताहेत. माणसासारखाच घंटेचाही बाप्तिस्मा होतो. तिला नाव लागतं, धर्मपिता लागतो. पाद्रे म्हणाले, "कूको, तू हो की." मी नम्रपणे सांगितलं, माझ्याकडे एकच नाव आहे आणि ते बुक झालंय. नवसाचंही सांगितलं. ते म्हणाले, "अरे, नवस आपल्या पायांनी फेडावा, दुसऱ्याच्या लेकराने नव्हे."

म्हणजे तत्त्वतः ते माझ्या बाजूचे आहेत.

२० जून
आजपासून या विषयावर संपूर्ण मौन. नायेलीच्या पलंगाच्या वर भिंतीवर मातेचं चित्र तेवढं टांगलं. आणि जेवताना तिच्या पोटाकडे बघून एकदाच म्हणालो, "रेफुहिओला आणखी एक भाकरी वाढा."

२१ जून
नायेली सासूकडे राहायला गेली. हवापालट बरा असतो.

४ जुलै, पहाटे
कळा सुरू झाल्या. आज, मातेच्या सणाच्या दिवशी! आता कोण काय बोलणार? नवा शर्ट घातला.

दुपारी. मुलगी झाली. नाव अलेक्सिस. मी म्हणालो, हे तर मुलाचं नाव. उरिएल म्हणाला, "दोघांनाही चालतं, सासरेबुवा. तुम्हीच म्हणायचात ना, असं नाव असलं की भांडण नाही?"

शर्ट काढून ठेवला.

५ जुलै
शांतपणे विचार केला. हे घरातलं नाव झालं. खरं नाव बाप्तिस्म्याला लागतं. पाद्रे विचारतील तेव्हा सगळ्यांच्या आधी, मोठ्याने मीच सांगेन.

१५ ऑगस्ट
रोज निवडुंगाच्या मळ्यात सराव चालू आहे. आवाज खणखणीत लागतो.

१६ ऑगस्ट
बाप्तिस्मा. पाद्रेंनी विचारलं, "या बाळाला काय नाव देता?" मी छाती भरून श्वास घेतला. बाळ नायेलीच्या खांद्यावरून माझ्याकडेच बघत होतं. बाळाच्या हाताला माझं बोट लागलं आणि तिने ते मुठीत धरलं. श्वास तसाच राहिला. नायेली म्हणाली, "अलेक्सिस." मी म्हणालो, "आमेन." बायको सांगते, सगळ्यांत मोठं आमेन माझंच होतं.

१७ ऑगस्ट
मातेपुढे जाऊन बसलो. जमलं नाही म्हणून सांगितलं. लोक येत होते, मेणबत्ती लावून जात होते. आसरा मागायला आलेल्याला ती नाव विचारत नाही, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

उठून पाद्रेंकडे गेलो. घंटेला धर्मपिता अजून मिळाला नव्हता. तो मान कुणी मागितलाच नव्हता म्हणे.

७ सप्टेंबर
घंटेचा बाप्तिस्मा झाला. पाद्रेंनी विचारलं, काय नाव देता? माझ्याशी स्पर्धा करणारं कुणी नव्हतं. खणखणीत सांगितलं, "रेफुहिओ."

घंटेचा आवाज मात्र घोगरा निघाला, किल्ल्या आणि नळ जास्त झाले असणार. उरिएल म्हणाला, "सासरेबुवा, अगदी तुमच्यावर गेली आहे." ही घंटा एरवी फक्त कुणी गेलं की वाजते. बायको म्हणाली, "आता गाव म्हणणार, कूको वाजतोय, बघा रे कोण गेलं. आणि एक दिवस उत्तर येणार, कूकोच." ती हसली. मग माझी बाही धरून उभी राहिली.

पहिल्या ठोक्याला अलेक्सिसने जो टाहो फोडला, तो घंटा थांबेपर्यंत थांबला नाही. नायेली तिला घेऊन बाहेर गेली.

असो. नाव दिलं. पहिल्यांदा दोरी मीच ओढली.