कुंचीचा कोरा रकाना

बसवकल्याण

प्रिय नरसिंह,

तुझ्या कॉलेजच्या प्रदर्शनाचा तक्ता मिळाला. जुना शब्द, भाषा, अर्थ, वस्तू कोणी वापरली, असे चार रकाने. साठी उलटलेल्या शिवणबाईला परीक्षेला बसवलंस म्हणायचं! असो. शब्द आहे कुंची, आणि माझ्या पेटीत एक आहेही.

भाषेच्या रकान्यात काय लिहू? आपल्या घरी कुंची, भिंतीपलीकडं गुरप्पांच्या घरी कुंचिगी. गुरप्पांची आई म्हणायची शब्द आमचा, आपली आई म्हणायची आमचा, आणि दोघी एकाच उन्हात बसून एकमेकींच्या पोरांना त्या घालायच्या. कुणी कुणाकडून घेतला ते तुम्ही प्राध्यापक ठरवा. मी मराठी आणि कानडी, दोन्ही भाषा लिहिल्यात.

अर्थ सोपा. टोपरं डोक्यापुरतं असतं. कुंची केस, कान झाकून पाठीवर उतरते. टाळू भरेपर्यंत बाळाला वारा लागू नये म्हणून. आपल्याकडं ती आत्यानंच शिवायची, तीही स्वतःच्या नेसलेल्या लुगड्याची. नवं कापड कामून आणायलीस, अंगाची ऊब त्याला कुठली, असं आई आत्याला दटावायची. तू तर पाच वर्षांचा घोडा झालास तरी कुंची काढेनास. आत्या हसून हसून बेजार व्हायची.

पेटीतली कुंची मी तुझ्या विनीतासाठी, तिची आत्या म्हणून शिवली होती, माझ्या लग्नातल्या इरकलीची. हे जाऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. तुझं बारशाचं पत्र बारसं उरकल्यावर आलं. वर्षभर मी टपालाला नावं ठेवली. मग तुमच्या कलबुर्गीहून आलेल्या प्रणेशकाकांनी बोलता बोलता सांगितलं, की विधवेच्या लुगड्याची कुंची नको असं तुझ्या घरात ठरलं होतं, आणि तू गप्प बसलास. मला फार वाईट वाटलं. रागही आला. तेव्हा बोलले न्हाई, पुढं सव्वीस वर्षं राहूनच गेलं.

आता विनीता बाळंतपणाला तुझ्याकडं आलीय. तिच्या बाळाची आत्या वेगळी, मान तिचा, तो मला नको. पण न घातलेली कुंची काचेच्या कपाटात पाठवायला मन होईना. तक्त्याचे तीन रकाने भरलेत. ‘कोणी वापरली’ तेवढा कोरा ठेवलाय. बारशाला मला बोलाव, आणि या खेपेला वेळेत बोलाव. त्या लेकराच्या डोक्यावर ती एकदा माझ्या हातानं घालू दे. मग त्याचं नाव तू तिथं लिही, आणि कुंची खुशाल प्रदर्शनात ठेव.

वाट बघणारी, तुझीच,
जयंतीअक्का