गयामावशी, मी कुंकू हुडकत बसले

गयामावशी,

तुमी गेलात हे मला पंधरा दिसांनी कळलं. मस्कतहून ह्यांची चिठ्ठी आली. वर सगळं नेहमीचं. शारदेला पापा, बाळ कसंय, टिकीट जपून ठेव. अन् खाली कोपऱ्यात, जागा उरली म्हनून लिवावं तशा दोन वळी. "गयाबाई वारल्या. ताप आला व्हता. दवाखान्यातल्या बायांनी तिकडंच सगळं केलं."

कोपऱ्यात! तुमी काय कोपऱ्यात लिवायच्या व्हतात का मावशी?

परवा मला परत निघायचंय. शारदा आता चार वर्साची झाली, अन् वटीत तीन महिन्याचं तान्हं हाय. चुडाव्याहून गाडी, मंग मुंबई, मंग तेच इमानतळ. लय भ्या वाटायलंय. पहिल्या खेपेला वाटलं तेवढंच. तवा तुमी व्हतात. आता कोन हाय? म्हनून लिवायला बसले. तुमाला वाचता येत नव्हतं, अन् मला चौथी शिकून बी धड लिवता येत न्हाई. चांगली जोडी हाय आपली!

पहिल्या खेपेला शारदा सात महिन्याची व्हती. ह्यांना तिकडं ड्रायव्हरीचं काम. मालकानं आंगनामागं एक खोली दिली अन् बायकोला आन म्हनला. पन मला न्यायला यायची सुट्टी काही ह्यांना भेटंना. मंग ह्यांनीच तोड काढली. लिवलं, "इथं दवाखान्यात एक आया हायत, गयाबाई, पिंगळीच्या. सुट्टीवर गावाकडं आल्यात. त्याच इमानानं परतनार हायत. इमानतळावर तेंना गाठ. हिरवं लुगडं, कपाळाला रुपयायवढं कुंकू. चुकायची न्हाईस." तुमाला बी कळवलं व्हतं, निळी पेटी, पिवळं पातळ, कडंवर पोरगी शारदा.

त्या दिसांत नामांतरावरून गावोगाव बंद चाललेले. गाडी भेटंल का न्हाई म्हनून दादा अन् मी दोन दिस आधीच निघालो. निघताना चुलतीनं हातावर दही दिलं. माय कुठं दिसंना. इचारलं तर चुलती म्हनली, "असंल गोठ्यात. तिचं काय काम हाय म्होरं?"

बाप जाऊन तवा सहा वर्सं झालती. मी असंच असतंय म्हनून पेटी उचलली. बैलगाडीत बसताना कडब्याच्या गंजीमागं तिच्या लुगड्याचं टोक तेवढं दिसलं. बस्स.

इमानतळावर दारातल्या शिपायानं दादाला आडवलं. टिकीटवाल्यालाच आत. दादा काचंच्या पलीकडं राहिला, मी अलीकडं. शेवटाला तेनं काय केलं असंल? कपाळावर बोट ठेवून गोल गोल फिरवायला लागला. कुंकू! कुंकू हुडक! आजूबाजूचे लोक हसायले. मी मान हलवली.

मावशी, तेवढं मोठं घर मी जलमात बघितलं नव्हतं. पोखर्णीच्या जत्रंत बी गर्दी असती, पन तिथं कुनी ना कुनी वळखीचं भेटतंच. इथं एक तोंड वळखीचं न्हाई. भोंग्यातून एक बाई सारखी काहीतरी सांगायली. मला वाटायचं माजंच नाव घेतीय. शारदा रडून लाल झालती. मी पेटीवर बसले अन् येनाऱ्या-जानाऱ्या बायांची कपाळं बघायले. तोंडं न्हाई, नुस्ती कपाळं.

अन् तुमी आलात. भुरकट पांढरं लुगडं, हातात एक बांगडी न्हाई, कपाळ कोरं. सरळ माज्याकडं बघत आलात.

मी काय केलं ते तुमाला ठाऊक हाय. तरी माज्या हातानं लिवते, लिवल्याबिगर सुटका न्हाई. मी शारदेच्या तोंडावर पदर टाकला अन् पाठ फिरवली. मनात म्हनलं, नरसिंव्हा, पहिल्याच पावलाला ही कुठून आडवी आली!

तुमी थांबलात. मागं सरलात. अन् मला हायसं वाटलं, मावशी! ज्या बाईवाचून मला इमानाचं दार बी सापडलं नसतं, ती परत गेली म्हनून मला हायसं वाटलं!

घडीभरानं तुमी दुसऱ्या अंगानं आलात. मी पेटी ओढत खांबाच्या पलीकडं गेले. पेटी त्या गुळगुळीत फरशीवर अशी करकरली की सगळे वळून बघायले. आपल्या इमानाची मानसं रांगंनं आत चालली व्हती, मला कुठं ठाऊक? मी आपली हिरवं लुगडं हुडकायले.

तिसऱ्यांदा तुमी आलात ते पेटीवर थाप मारूनच.

"ए शारदेची माय! आगं किती पळवशील मला? इमान काय तुज्यासाठी लिंबाला बांधून ठिवलंय?"

लेकराचं नाव आयकलं अन् मी गारच पडले.

"तुमी... गयाबाई? पन कुंकू..."

"हाय की गयाबाई. कुंकू पिंगळीला राहिलं. दीड महिना झाला, धनी गेले माजे. तेंच्या दुखन्यासाठीच तर सुट्टी घेऊन आले व्हते." अन् वरून हसलात. "तुज्या नवऱ्याच्या चिठ्ठीला पाय नव्हते, न्हाईतर मागून पळत येऊन तुला सांगितलं असतं तिनं."

"मंग पहिल्यांदाच कामून न्हाई बोलल्या?"

"बोलनारच व्हते. पन तू लेकरावर पदर टाकलास. मंग म्हनलं, पोर पहिल्यांदा निघालीय, लेकरू तान्हं हाय, आपलं तोंड कशाला दाखवावं? परभनीकडचं कुनी भेटलं तर तेच्या तोंडी निरोप देऊ. सगळीकडं धुंडलं. कुनी भेटंना. मंग काय करू?"

माजीच बाजू घेतलीत! तुमी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवी दोन दिसांनी इसरती. हे कसं इसरू?

काचंपलीकडं दादा अजून बोट फिरवीतच व्हता. तुमी तेच्याकडं बघितलं, आपल्या कोऱ्या कपाळावर बोट टेकवलं अन् मान हलवली. दादाचा हात हळूच खाली गेला.

मंग तुमी कशी पळापळ केलीत! पेटी डोक्यावर घेतली. टोपीवाल्या एका बाबाला गाठून म्हनलात, "ओ भाईजान, हमारी बच्ची का फारम जरा भर देव ना, अल्ला सुखी रखेगा तुमको." तेनं माजा फारम भरला, तुमचा भरला, अन् वरून पेटी बी ढकलू लागला. रांगंत उभं राहून तुमी मला इचारलं, "तुजी माय आली व्हती का गं गाडीपस्तोर?"

"न्हाई. तिचं आसं हाय, ती..." म्हनलं अन् जीभ चावली.

तुमाला कळलं. तुमी एवढंच म्हनलात, "मंग ती बी माज्याच गावची म्हन की."

तवा मला लाज वाटली. पन लाज वाटली तरी अक्कल आली न्हाई, मावशी. अक्कल आली असती तर इमानात जे केलं ते केलं नसतं.

इमान वर चढलं अन् शारदेनं किंकाळी फोडली. तुमी म्हनलात, "कान दुखतेत तिचे. पाज, पाज तिला, म्हनजे मोकळे व्हतेत." पाजलं तर खरंच गप झाली. पुढं मला मोरीत जायचं झालं. तुमी दोन्ही हात म्होरं केलेत. "आन हिकडं."

अन् मी शारदेला तुमचे हात ओलांडून पलीकडच्या बाईच्या मांडीवर ठिवलं. वळख ना पाळख, बोली बी येगळी. का? तर तिच्या कपाळाला टिकली व्हती!

तुमचे हात तसेच राहिले. मंग तुमी ते आपल्या मांडीवर ठेवून घेतले, एकावर एक. ते हात मला अजून दिसतेत.

मी परत आले तर शारदा त्या बाईच्या मांडीवर भोकाड पसरून बसलेली, अन् तुमी वाकून, जिभंनं टकटक करून तिला हसवायलात. हात मातर मांडीवरच. तिला बोट बी लावलं नव्हतं.

मस्कतला उतरल्यावर हे तुमच्या पाया पडले. मी उभीच राहिले.

पाच महिन्यांनी शारदेला वरीस झालं. आपल्याकडची चार घरं आमी जेवायला बोलावली. हे म्हनले, "गयाबाईला सांगू का?" मी म्हनलं, "तेंला ड्यूटी असंल." खोटं बोलले. लेकराला ववाळायचं, अन् तुमी तिथं कशा, हेच माज्या मनात.

पुढच्या जुम्म्याला, सुट्टीच्या दिशी, तुमी आपन व्हऊन आलात. दाराबाहेरच उभ्या राहिलात. कागदात गुंडाळलेलं, लेकराच्या डोक्याला बांधायचं एक टोपरं दिलंत, हिरवं गार, कडंनं बारीक टाके.

"त्याच लुगड्याचं हाय गं, तू हुडकत व्हतीस त्याच. एकदाच नेसले व्हते. आता मला हिरवं काय करायचंय? कापून टाकलं. मनात काही आनू नको. न्हाई घातलं तरी चालंल."

न्हाई घातलं तरी चालंल! तुमाला आधीच ठाऊक व्हतं का हो?

अन् मी न्हाई घातलं. पेटीच्या तळाला टाकलं. तुमाला आत या म्हनायचं बी राहिलं. राहिलं न्हाई, मी म्हनलं न्हाई. पानी सुदीक इचारलं न्हाई. एवढ्या उनात तुमी चालत आलता.

तेच्यानंतर कधी बाजारात दिसलात, कधी दवाखान्याच्या फाटकात. लांबूनच, "काय म्हनती शारदा?" म्हनायच्या. मी म्हनायची, "बरी हाय." दर जुम्म्याला ठरवायची की आज जाते, पाया पडते, चुकलं माजं म्हनते. दोन शब्द! दोन शब्दांला मला तीन वर्सं पुरली न्हाईत. मंग बाळंतपनाला हिकडं आले. म्हनलं, परत गेल्यावर पहिलं तेच. अन् तुमी काय केलंत? थांबल्या न्हाईत.

एक सांगू? थोडा राग तुमचा बी येतो. एवढं शहान्यासारखं कशाला वागायचं? इमानात माज्या हातातून लेकरू हिसकून घ्यायचं व्हतं! दारात उभ्या राहिलात तवा मला ढकलून आत यायचं व्हतं! तुमी प्रत्येक बारीला मागं सरलात, अन् मी सरू दिलं.

चिठ्ठी वाचली त्याच दिशी पेटी उघडली. तळाला टोपरं तसंच. मायनं हातात घेतलं. तिची नजर आता अधू झालीय, बोटांनी चाचपून बघितलं. "कुनी शिवलं गं? हात लय साफ हाय बाईचा." मी सगळं सांगितलं. काचंपासून मोरीपस्तोर. काही लपवलं न्हाई. माय बाळाला थोपटीत बसली.

ती थोपटायली अन् मी तिच्याकडं बघायले. रोज तीच बाळाला न्हाऊ घालती, तेल लावती, पायावर निजवती. रातच्याला तेच्यासाठी उठती. अन् निघायच्या दिवशी तेवढी ती अपशकुनी व्हती का मावशी? साडेतीन वर्साखाली ती गंजीमागं उभी व्हती, अन् मी दोन दिसांनी तुमाला खांबामागून बघायले. एकच तर व्हतं ते!

काल मी मायला म्हनलं, "निघताना दही तू द्यायचं."

"येड लागलं का तुला? वटीत लेकरू हाय."

चुलती चुलीपाशी व्हती. तिथूनच म्हनली, "इमानात बसून बसून अक्कल बी उडाली वाटतं हिची!"

माय उठून गोठ्याकडं गेली. पन टोपरं तिच्या हातातच व्हतं.

खोटं कशाला बोलू, मला बी भ्या हाय. वाटंत बाळाला जरा ताप आला तरी चुलती जलमभर ऐकवंल. अन् चुलतीचं सोडा, माजंच मन मला खाईल, बघ, आईक म्हनलं तर आयकलं न्हाईस. एवढ्या वर्साचं भ्या एका चिठ्ठीनं जात न्हाई. जाऊ दे, न्हाई गेलं तर न्हाई. भ्या घेऊनच करते.

इमानतळावर गेले की सवयीनं मी परत बायांची कपाळं बघायला लागंन. तुमी दिसनार न्हाईत. मंग नजर जरा खाली घेईन अन् तोंडं बघंन.

पन तेच्या आधी परवाचं. मावशी, मी उंबऱ्यात थांबनार हाय. माय गंजीमागून म्होरं येईस्तोवर थांबनार, गाडी गेली तर जाऊ दे. चुलती, भावकी, सगळ्यांदेखत बाळ तिच्या हातात देनार. हिरवं टोपरं तीच बांधील. अन् मंग तिच्या हातातून घेऊन निघनार. तुमी हात म्होरं केले व्हते, तवा दिलं न्हाई. आता देते. हा माजा शब्द हाय तुमाला.

तुमच्या पाया पडायची राहिलेली,
शारदेची माय सुमन
चुडावा