दाबुएचा पाय

१२ मार्च १९७३
खाणीसाठी आमच्या जमिनीचा नंबर लागला. दुपारी धाकटा दीर जोरम दारातूनच सांगत आला — वरच्या माळावरचा आजोबांचा तुकडा आता खणायला घेणार, फॉस्फेटचे पैसे घरी येणार. दाबुए जेवत होता. उठून हात धुतले, परत जेवायला बसला, परत उठून हात धुतले. माझा नवरा लग्नातसुद्धा इतका गोंधळला नव्हता.
सासूबाईंनी विचारलं, "आणि माझी केवड्याची झाडं?"
"आई, आता केवडा काय घेऊन बसलीस," जोरम म्हणाला.
संध्याकाळी हॉस्पिटलात पाळीला गेले तर वॉर्डभर बातमी पसरलेली. तेकाई — गिल्बर्ट बेटांवरची पोरगी, माझ्याच हाताखाली शिकतेय — म्हणते, "सिस्टर, आता तुम्ही कशाला येताय?" हसण्यावारी नेलं. निम्म्या खाटांवर साखरेचे पेशंट, कुणाचा पाय चिघळलेला, कुणाचे डोळे गेलेले. आणि म्हणे कशाला येताय!

३ मे
पैसे आले. मोटार घेतली. बेटाला रस्ता एकच, समुद्राच्या कडेने गोल. फिरून दारात आलो तेव्हा दाबुए म्हणाला, "आता?" परत एकदा फिरलो.

२० जून
दाबुएने बंदरावरचं काम सोडलं. "दुसऱ्याचं ओझं किती वर्षं उतरवायचं?" खरंय. पाठ धरायची त्याची. थोडी विश्रांती घेऊ दे.
आमच्या लेकीला, लुइझाला, शिकायला मेलबर्नला पाठवायचं ठरलं. अजून आठ पूर्ण नाहीत. मला विचारलं नाही असं नाही. विचारलं. मीच हो म्हटलं.

१ सप्टेंबर
दुपारी दारात मोटारींची रांग. दाबुएचे जुने सोबती, त्यांचे मेव्हणे, मेव्हण्यांचे सोबती. चिनी खाणावळीतून तळलेल्या भाताची पातेली येतात, सोबत गोड पेयांचे क्रेट. कुणालाच उठायची घाई नाही. मासे धरायची जुनी होडी दाबुएने देऊन टाकली. कुणाला, ते त्यालाही नीट आठवत नाही.

१५ जानेवारी १९७४
राजीनामा दिला.
काल भांडण झालं. दाबुए म्हणाला, "लोक हसतात मला. एवढा पैसा, आणि बायकोला दुसऱ्यांचे पाय धुवायला पाठवतो."
मी म्हटलं, "मला आवडतं ते काम."
"मग मला काय आवडतं त्याचं काय?"
मेट्रन म्हणाल्या, "जागा ठेवू का काही दिवस?" नका ठेवू म्हटलं. बाहेर आले तर ऊन होतं आणि कुठे जायचं नव्हतं.

१६ जानेवारी
आज काही नाही.

२० डिसेंबर १९७५
लुइझा सुटीला आली. उंच झालीय. सासूबाई सकाळपासून ओट्यावर तिची वाट बघत होत्या. लुइझा शेजारी बसली, हात हातात घेतला. पण बोलणार कशात? आपली भाषा तिला समजते थोडी, जिभेवर येत नाही. "आजी काय म्हणतेय?" मला विचारते. मी इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करत बसले. माझ्याच ओट्यावर, माझ्याच दोन माणसांत.
सासूबाई शेवटी म्हणाल्या, "पाहुणी गोड आहे."

११ फेब्रुवारी १९७६
सासूबाईंनी हट्ट धरला म्हणून वर माळावर घेऊन गेले. माती सगळी नेलीय. उरलेत ते प्रवाळाचे सुळके, माणसापेक्षा उंच, राखेच्या रंगाचे, नजर पोचेल तिथवर. केवडा नाही, पक्षी नाहीत, पायवाट नाही. सासूबाई मोटारीतून उतरल्याच नाहीत. "चुकलीस तू. हे आपलं नव्हे," म्हणाल्या. मी गाडी वळवली.

४ एप्रिल
सासूबाई गेल्या. दुपारी पडल्या पडल्या. जेवायला चारशे माणूस होतं.

१९ ऑगस्ट १९७७
दाबुएच्या करंगळीला जखम. नवे बूट लागले म्हणतो. लंगडत होता म्हणून मोजा काढायला लावला. वास ओळखीचा.
"चल, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात."
"फोड आहे, एगारा. फोडाला कुणी हॉस्पिटलात जातं?"
"साखर तपासू तरी."
"तू नोकरी सोडलीस ना?" हसून म्हणाला. पानावर परत भात घेतला.

६ सप्टेंबर
करंगळी काढली. शेजारचं बोटही.

२० सप्टेंबर
मला वाटलं, आता तरी मी आहेच घरात. पण मलमपट्टी करायला दाबुएने पगार देऊन माणूस ठेवलं — आणि कुणाला, तर तेकाईला! ती बिचारी माझ्याकडे बघते, पट्टी हातात तशीच. "सिस्टर, तुम्हीच करा ना."
"पैसे मी तुला देतो," दाबुए म्हणाला. "घरच्या बाईने पायाला हात लावायचा नाही."
मी दारात उभी. तिने गाठ जरा सैल बांधली.

२ नोव्हेंबर
तेकाई आज आली नाही, तिचं मूल आजारी. दाबुए डुलकी घेत होता. मी पाटावर बसले, पट्टी सोडली. जखम वर सरकलीय, घोट्यापर्यंत. धुतली, पुसली, बांधली. हात काही विसरले नाहीत. वर पाहिलं तर तो जागा होता.
"किती वेळ झाला तुला जागा होऊन?" मी विचारलं.
"पट्टी सोडलीस तेव्हापासून."
पाय मागे घेतला नाही. म्हणाला, "बंदरावर होतो तेव्हा संध्याकाळी पाय दुखायचे. पण ते दुखणं बरं वाटायचं." मग भिंतीकडे तोंड केलं. मी तिथेच बसून राहिले. इतक्या वर्षांत आम्ही असे बसलो नव्हतो.

१० नोव्हेंबर
मेलबर्नला नेलं. सोबत जोरम. डॉक्टर पाय गुडघ्यापासून कापणार.

१४ नोव्हेंबर
जोरमचा फोन. "वहिनी, पाय काढला, ठीक आहे सगळं." लुइझा भेटायला गेली होती. बापाने तिला विचारलं म्हणे, मोठी झाल्यावर काय करणार? ती म्हणाली, "काही करायला लागतं का?" जोरम हसत सांगत होता.

२५ नोव्हेंबर
दाबुए गेला. तिथेच. विष रक्तात पसरलं होतं.

३ डिसेंबर
आणला. पुरला. रांग लागली होती मोटारींची.

९ जानेवारी १९७८
जोरम आला. माझ्या वडिलांचा माळावरचा तुकडा खणायचीही मंजुरी आलीय. "वहिनी, आता तुम्हाला कशाचीच ददात नाही."
चहा केला. तो प्याला. गेला.

१० जानेवारी
ठरवलं. परत कामावर जायचं. आता हसायला आहे कोण? उद्या मेट्रनना भेटते. पाय धुवायचे, पट्ट्या बांधायच्या, संध्याकाळी थकून घरी यायचं. एवढंच पुरे. आज नीट जेवले.

११ जानेवारी
मेट्रन उठून जवळ आल्या, पोटाशी धरलं. "ये ना, माणसं हवीच आहेत." कामावर घेण्याआधी सगळ्यांचं रक्त तपासतात. मी बाकावर बसले. मग त्या स्वतः बाहेर आल्या, शेजारी बसल्या, तपासणीचा कागद माझ्या हातात दिला. साखरेचा आकडा मीच वाचला.
उद्यापासून रोज सकाळी यायचंय. सुई घ्यायला.