उघड्या पत्र्यावरचा हात

बाबा, तुमचा हात सापडला. नेरडीगोंड्याच्या भाजीवाल्या काकांच्या जीपच्या बॉनेटवर, रंगाच्या सगळ्या थरांच्या खाली, सगळा पंजा, अगदी ती अर्धी करंगळीसुद्धा. कॉम्प्रेसरच्या पट्ट्यात तुमची करंगळी गेली होती तेव्हा तुम्ही महिनाभर सगळ्यांना दाखवत फिरला होता. आज ती कामाला आली, कारण तिच्यामुळेच हा हात माझा नाही हे आंधळ्यालाही कळलं. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली, की तुमचं नाव घेत गॅरेज शोधणारी माणसंही आता काठी टेकत येतात. गॅरेज मीच चालवते. इचोड्यात हायवेवरच, त्याच जागी. रंगाची स्प्रे गनही मीच धरते. हे तुम्हाला आवडलं नसतं, म्हणून आधी सांगून टाकते.

तुम्ही स्वतःला कारागीर म्हणवून घ्यायचात. कारागीर! जगात प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, एकच, असं समजणारा माणूस. तुम्ही त्याला लाल म्हणायचात. ट्रकला लाल, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लाल, लोखंडी गेटला लाल, आणि लोकांनी लेकरासारख्या जपलेल्या गाड्यांनाही तोच डब्यातला पातळ केलेला लाल. एकदा दुकानदारानं चुकून राखाडी प्रायमर पाठवला, तर तुम्ही त्यालाही राखाडी लाल म्हणालात आणि कुणाला हसूही दिलं नाही. डब्यावर काय लिहिलंय ते वाचायला तुम्हाला येत होतं. पण तुम्ही ते वाचणं कमीपणाचं मानत होता. माणसाला येत नसलं तर मी समजू शकते. तुम्हाला नको होतं.

आणि तो विधी. पत्रा घासून चकचकीत झाला, की तुम्ही वाटीत हळद-कुंकू कालवायचात, पाणी घालून, आणि उजवा पंजा त्यात बुडवून उघड्या पत्र्यावर टेकवायचात. वरून लगेच लाल. गाडीवाल्याला म्हणायचात, "आशीर्वाद आतूनच पायजे, वरून तं कोनीबी देते." गाडीवाले खूश. तुमचं अर्धं गिऱ्हाईक त्या पंज्यावर येत होतं, रंगावर नाही. उघड्या लोखंडाला पाणी लावायचं, तळहाताचा घाम लावायचा आणि ते सगळं आत कोंडून टाकायचं, असं काम तर वैरीही करत नाही.

ही जीप आली तो दिवस मला लख्ख आठवतो. मी तेव्हा लहान नव्हते. नवऱ्याचं घर सोडून परत आले होते आणि तुमच्याकडे दिवसभर पत्र्यावर पॉलिश पेपर घासत होते. नागपूरच्या एका रंगवाल्या माणसानं आदिलाबादला येऊन रंगाऱ्यांना नवे प्रायमर दाखवले होते. तुम्ही गेला नाहीत, मी गेले होते. तर जीपच्या बॉनेटचा पत्रा घासून उघडा पडला आहे, तुम्ही वाटी मागता, आणि मी सगळ्यांसमोर म्हणते, "बाबा, याले लाल नका मारू. हा पत्रा उघडा हाय, याले धरून ठेवनारं पायजे, पानी अडवनारं पायजे. लाल तसाच पानी पेते." तुम्ही वाटी घेता. पंजा टेकवता. मग काकांकडे बघून हसता. "आयकलं का? दोन तास बसून आली अन् मले शिकवून राह्यली. रंग हातात असते, पोरी. बाईच्या हातानं पेपर घासावं, बस." काकाही हसतात. मी पेपर पाण्यात बुडवते आणि दरवाजा घासत राहते.

पावसाळा सरता सरता बॉनेटवर फोड आले. काकांनी जीप आणली, तेव्हा मी मनातून वाट बघत होते, की आता तरी हा माणूस डोकं खाजवेल. तुम्ही फोडांवर बोट फिरवलंत, माझ्याकडे हात केलात आणि म्हणालात, "इनं पेपर नीट घासला नाई. काऊन वो, घाईत होती का?" एवढंच. फोड छाटून वरून रंग मारून दिलात. त्या दिवसापासून मी या गावात पेपर नीट न घासणारी बाई झाले. तुम्ही गेल्यावर गॅरेज उघडलं, तर लोक ट्रॅक्टर आणायचे, कार आणायचे नाहीत. चांगल्या गाडीला बाईचा हात नको. हे तुमचं वाक्य होतं, बाबा, तुम्ही ते वाटून गेलात.

आता काकांना पुन्हा हौस आली. शेडमध्ये पडलेली जीप त्यांनी ओढून आणली आणि बजावलं, "पोरी, या बारीनं नीट घासजो." मी पेंट रिमूव्हर लावला. थर सुरकुतला, पत्तीनं ओढला, आणि खालून तुमचा लाल भुगा होऊन पडला. त्याच्याखाली गंज. सगळीकडे नाही. मी घासलेला बाकीचा पत्रा तसाच स्वच्छ. गंज फक्त एका पंज्याएवढा, बोटं सुटी सुटी, करंगळी अर्धी. मी काकांना खुर्चीवरून उठवून आणलं. या एका दिवसासाठी मी इतकी वर्षं पेपर घासला, असं मला वाटलं.

काकांनी चपला काढल्या. खरंच काढल्या. हात जोडले. समोरचा चहावाला धावत आला, त्यानं "चेय्यि, चेय्यि" म्हणजे हात, हात, असं तेलुगूत ओरडून उभ्या ट्रकमधले ड्रायव्हर गोळा केले. कुणी फोटो काढले, कुणी फूल ठेवलं. मी म्हणाले, "काका, हा गंज हाय. गंजाच्या कायले पाया पडता? फोड इथूनच आले होते." काका म्हणाले, "असं नको बोलू, तुया बापाचा हात हाय तो. इतक्या सालानं दर्शन देलं त्यानं. मिटवू नको, वरून काचेसारखा रंग मार." म्हणजे तुमच्या चुकीचा पुरावा मी जगासमोर उघडा केला, आणि जगानं त्याला फूल वाहिलं. तुमच्यासारखा नशीबवान रंगारी मी पाहिला नाही. काकांच्या तोंडाकडे बघून मला इतका तिटकारा आला, की त्यातला तुमचा किती आणि त्यांचा किती हे वेगळं करता येईना.

मी गाडीची चावी काकांच्या हातात ठेवली. म्हटलं, "घेऊन जा मग. उघडा पत्रा हाय, उद्या दवानं सगळीच गंजून लाल होईन. मंग डोक्यापासून पायापर्यंत दर्शन घ्या."  काका चावी बॉनेटवर ठेवून, चपला हातात घेऊन, चहावाल्याकडे जाऊन बसले. बसताना चहावाल्याला म्हणाले, "म्हनजे पेपर तं नीटच घासला होता इनं." हळूच म्हणाले, पण मला ऐकू आलं. एवढ्या वर्षांत मला मिळालेलं हे पहिलं सर्टिफिकेट, तेही चहाच्या टपरीवर.

मग मी ग्राइंडर चालवला. तुमचा हात उडाला, पण गंजानं पत्र्यात सुईएवढे खड्डे पाडले होते, त्यामुळे पुसटसा आकार राहिलाच. या खड्ड्यांमुळेच मी ॲसिडचा प्रायमर घेतला नाही. तो उघड्या पत्र्याला घट्ट धरतो, पण असल्या खड्ड्यांत त्याचं ॲसिड अडकून बसतं आणि पुढे त्रास देतं. इथे इपॉक्सी प्रायमरच लागतो, तो हवा आणि पाणी दोन्ही बाहेर ठेवतो. खड्डे बुजवायची लांबी भरायची ती त्याच्यावर, पत्र्यावर नाही. हे सगळं मी तुम्हाला त्या दिवशी सांगितलं असतं. तुम्ही हसला नसतात तर.

इपॉक्सीत त्याला घट्ट करणारं हार्डनर मिसळून ठेवलंय. तो लगेच मारायचा नसतो, थोडा मुरू द्यायचा असतो. तेवढ्या वेळात हे लिहिते आहे, जीपची काच झाकायला आणलेल्या कागदावर. लिहून झालं की चिकटपट्टीनं हाच कागद काचेवर लावीन, अक्षरं आतल्या बाजूला, आणि संध्याकाळी काढून भंगारात टाकीन. तुमच्याकडे पोचवायला दुसरी सोय नाही, आणि असती तरी तुम्ही डब्यावरचंही वाचत नव्हता.

एक राहिलं. पत्रा थिनरनं पुसून तयार केला, की त्याला उघडा हात लावायचा नाही, हा माझा इथला नियम आहे. कामावरचा माणूस विसरला, तर मी त्याला चारचौघांत बोलते. आज पत्रा तयार झाल्यावर मी हातमोजा काढला आणि त्या पुसट आकारावर माझा पंजा टेकवला. माझा मोठा निघाला, बाबा. मला तुमचाच मोठा वाटत होता. मग सगळं परत पुसावं लागलं. मेल्यावरही तुम्ही माझं काम वाढवलंत. पण ते पुसताना मी घाई केली नाही.