खुरापर्यंत खवले

आये, माझी नात, म्हणजे तुझी पणती, कॉलेजात इतिहास शिकते. परवा बदलापूरच्या घरात मी वाल सोलत बसलेय आणि ही मोबाईल माझ्या नाकासमोर धरते. रोममधला जुना दगडी खांब, त्यावर कोरलेले लांबच्या गवताळ मुलखातले घोडेस्वार. अंगभर खवले, मासळीसारखे. घोड्यालाही, पार खुरापर्यंत, कातडीला चिकटलेले! मी म्हटलं, "हा घोडा गुडघा वाकवणार कसा गं? कोरणाऱ्याने पाहिलाच नसेल." ती टाळी देत म्हणाली, "आजी, आमच्या मॅडमपण सेम बोलतात. खवल्यांची चिलखतं खरी होती, थडग्यांत सापडलीत, पण अंगरख्यासारखी सैल. याने ऐकलं आणि ठोकून दिलं." मला एवढा आनंद झाला, वाल तसेच राहिले.

पण तेव्हापासून मन संशयी झालंय. नजर सारखी तुझ्या तसबिरीकडे जाते. तू कधी फोटो काढलाच नाहीस. तू गेल्यावर बाबा उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये एका पेंटरकडे गेले आणि तोंडी सांगून तुला काढून आणलं. त्या पेंटरकडे बायांची अंगं आधीच रंगवलेली असायची; गिऱ्हाईक आलं की वर फक्त तोंड रंगवायचं. बाबांना म्हणाला, "दादा, रोज का कपडा नहीं, अच्छा पहनाता हूँ." आणि तुला घोट्यापर्यंत लुगडं नेसवलं! तू तर गुडघ्यावर काष्टा मारून जांभूळ गावच्या खाचरात उतरायचीस. घोट्यापर्यंत नेसून पहिल्याच बांधावर आपटली असतीस.

आता मुलगा तीच तसबीर मोठी करून हॉलमध्ये लावायची म्हणतो. मी अडून बसले, "माझ्या आयेच्या जागी दुसरी बाई लावायची नाही."

"मग खरी कुठून आणू, आई?"

नात पेन्सिल घेऊन बसली. "सांग, मी काढते." मी भराभरा सांगत सुटले: पाय उघडे, पोटऱ्या दणकट, टाचा फुटलेल्या, मनगटाला चिखल सुकलेला. तू अशी उतरत होतीस कागदावर की मी हरखून गेले. मग ती म्हणाली, "आणि नाक?"

आये, मी डोळे मिटले तर त्या पेंटरचीच बाई समोर. पुन्हा मिटले, पुन्हा तीच. शेवटी म्हटलं, "माझ्यासारखंच होतं." तिने माझं नाक निरखलं आणि काढलं. चित्र झकास झालंय, उद्या फ्रेमला जाईल. हे लिहिलेलं मात्र मी ट्रंकेत तळाशी ठेवणार, तिच्या हाती लागायला नको. तुझं नाक कसं होतं, मला खरंच आठवत नाही गं.