खारे पाणी दिल्याबद्दल आणि न दिल्याबद्दल

प्रति,
मा. ग्रामविकास अधिकारी,
ग्रामपंचायत आंबेखार,
ता. अलिबाग, जि. रायगड.

विषय : खालच्या आळीस खारे पाणी पुरविल्याबद्दल आणि तेच पाणी पुरविणे बंद केल्याबद्दल अर्जदारास आलेल्या दोन नोटिशींचा खुलासा.

संदर्भ : १) आपली नोटीस, दि. २१ एप्रिल २०२५ (पाणी दिल्याबद्दल).
२) आपली नोटीस, दि. १२ मे २०२५ (पाणी न दिल्याबद्दल).

अर्जदार : दत्तात्रेय धर्माजी म्हात्रे, सेवानिवृत्त लिपिक, राहणार खालची आळी, आंबेखार.

महोदय,

वरील दोन्ही नोटिशी अर्जदारास पोहोचल्या. दोन्हींवर सही आपलीच आहे आणि दोन्हींत अर्जदारच दोषी आहे. अर्जदाराची उभी नोकरी मांडव्याच्या बंदरात कागद पुढे सरकवण्यात गेली. एकाच माणसाला एकच गोष्ट केल्याबद्दल आणि न केल्याबद्दल जाब विचारणारे कागद मात्र त्याने तेथेही पाहिले नव्हते. तरी खुलासा मागितला आहे, तो देणे अर्जदाराचे कर्तव्य आहे. खुलासा थोडा लांबेल, त्याबद्दल क्षमा असावी.

अर्जदाराच्या घरामागे एक विहीर आहे. आळीतल्या बाकीच्या विहिरी पूर्वीपासून मचूळ, ही एकटी गोडी. विहिरीवर पंप आहे आणि पंपाचा पाइप माडीवरच्या टाकीत जातो. ग्रामपंचायतीचा नळही अंगणात आलेला आहे, पण त्याची धार करंगळीएवढी, आणि तीही सुटली तर सकाळी. दोन वर्षांपूर्वी अर्जदाराने गावातला प्लंबर सदा यास बोलावून विचारले की, नळाला कधी जोर असेल तर ते पाणीही टाकीत चढवता येईल का? सदाने नळाचा पाइप पंपाच्या पाइपला जोडून दिला आणि मध्ये एक कॉक बसवला. नळाला पाणी आले की कॉक उघडायचा, पंप लावायचा असला की बंद करायचा, अशी त्याची साधी योजना होती. पाणी उलट्या दिशेने जाऊ नये म्हणून वेगळा वॉल्व असतो, तो त्याने बसवला नाही. ‘‘काका, कॉक हाय ना, अजून कशाला पायजे?’’ असे तो म्हणाला आणि अर्जदाराला ते पटले.

समुद्राचे खारे वारे कोणाचेही लोखंड सोडत नाहीत, त्यांनी हा कॉकही सोडला नाही. आतून तो केव्हा गंजला हे कोणाला कळले नाही. वरची मूठ फिरत राहिली आणि आतले दार उघडे ते उघडेच राहिले. गेल्या वर्षी श्रावणात अर्जदाराचा पंप तासन्‌तास चालू लागला आणि टाकी काही भरेना. पंप काढून बघितला, विहिरीतला फूटवॉल्व बदलला, टाकी घासून झाली. टाकीला कोठे भोक पडले की काय म्हणून अर्जदाराची पत्नी सौ. सत्यवती जिने चढून पाहून आली. तिला रक्तदाबाचा त्रास आहे, जिने चढू नको असे डॉक्टरांनी सांगितले आहे, हे येथेच नमूद करतो.

उलगडा केला शेजारच्या कृष्णाबाईंनी. कुंपणावरून त्या सत्यवतीस म्हणाल्या, ‘‘पंचायतीनं यंदा कमाल केली गो, भर दुपारी नळाला पानी!’’ अर्जदाराला शंका आली. त्याने जाऊन पंप बंद केला. कुंपणापलीकडून आवाज आला, ‘‘गेलं!’’ पुन्हा लावला. ‘‘आलं गो, आलं!’’ असे तीनदा झाले. पाणी उताराकडे धावते. खालची सगळी आळी भरेपर्यंत माडीवरच्या टाकीची पाळी येतच नव्हती. उघड्या राहिलेल्या कॉकमधून उलट नळाच्या पाइपात शिरून अर्जदाराची विहीर आळीभर वाटली जात होती.

महोदय, कॉक त्याच दिवशी बदलता आला असता, हे अर्जदारास ठाऊक आहे. पण गणपती तोंडावर आले होते. आळीतल्या प्रत्येक घरी मुंबईची माणसे उतरायची होती, मोदकांची पिठी भिजायची होती, गौरी यायच्या होत्या. सत्यवतीने स्पष्ट सांगितले, ‘‘सणासुदीला कुनाचं पानी तोडायचं न्हाय.’’ आपण या किनाऱ्यावर नवे आहात म्हणून सांगतो, येथे गोड्या विहिरीला कुलूप लावीत नाहीत. सासूने तिला तसेच शिकवले होते आणि तिच्या सासूला तिच्या सासूने. अर्जदाराने पान्हा परत ठेवला. गौरी-गणपती झाले, पितृपंधरवडा आला, मागोमाग नवरात्र, आणि दिवाळीत पाणी तोडणारा माणूस आपल्या तालुक्यात अजून जन्मायचा आहे.

दरम्यान आपले पाणी सोडणारे कर्मचारी गणराज यांच्याही ध्यानात आले की, खालच्या आळीतून तक्रार येईनाशी झाली आहे. त्यांनी आळीकडे पाणी सोडण्याची चावी फिरवणेच सोडून दिले. अर्जदाराने त्यांना रस्त्यात गाठून विचारले, तर त्यांचे उत्तर असे : ‘‘तुमच्या आळीला पानी येतंच हाय की काका, मग मी कशाला तंगडतोड करू?’’ या उत्तरात चूक काढायची तर कशी काढावी? आळीला पाणी येतच होते.

मग अर्जदार दुरुस्तीच्या मागे लागला. सदाला बोलावले. तो आला, कॉककडे बघितले, चहा प्यायला आणि उठला. त्याची बहीण जनी याच आळीत दिलेली आहे. ‘‘काका, दुसरं कायबी सांगा. बहिनीच्या नळाचं पानी मी माझ्या हातानं तोडू?’’ असे तो म्हणाला आणि त्याचे डोळे खरोखर ओले झाले. गावातले बाकीचे प्लंबर एक तर सदाच्या हाताखाली शिकलेले आहेत किंवा त्याचे मेहुणे-साडू आहेत. एकाने येतो म्हणून सांगितले आणि काशीदला पाहुण्यांच्या बंगल्यांवर काम आहे म्हणून तो आजतागायत येतच आहे. पनवेलला असलेली अर्जदाराची कन्या सौ. प्राप्ती हिने शेवटी मोबाइलवरून एका मोठ्या कंपनीची घरपोच सेवा मागवली. गणवेश घातलेले दोन तरुण गाडीसकट बोटीने मांडव्याला उतरून आले. त्यांनी चपला बाहेर काढल्या, पायांत प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या, न्हाणीघरातला चांगला चालणारा नळ बदलला आणि त्याचे फोटो काढले. अंगणातला जोड दाखवल्यावर मात्र म्हणाले, ‘‘अंकल, ये तो पंचायत का लाइन है, हम लोग सिर्फ घर के अंदर का करते हैं.’’ जाताना त्यांनी अर्जदाराच्याच फोनवर त्याच्याकडून स्वतःला पाच तारे देववून घेतले. त्या पाच ताऱ्यांचा अर्जदाराला अजून राग येतो.

विजेच्या बिलाचा विषय अर्जदार मुद्दाम काढीत नाही. पाण्याचा विषय काढणे भाग आहे. आळीच्या टोकाला श्री. हर्षद यांनी पर्यटकांसाठी घर काढले असून त्यात पोहण्याचा तलाव आहे. तलाव लहान आहे असे ते म्हणतात आणि तो लहानच आहे, पण दर आठवड्याला नव्याने भरावा लागतो. मुलगा गुणी आहे, उद्धट नाही. शुक्रवारी संध्याकाळी हटकून दारात यायचा : ‘‘काका, उद्या पावनं येतान, पंप जरा लवकर लावा ना.’’ अर्जदार दोन दिवस पंप बंद ठेवून बसला, तेव्हा आळीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन ओटीवर येऊन बसल्या. कोणी भांडले नाही. भांडल्या असत्या तर बरे झाले असते. सत्यवतीने आतून येऊन स्वतः बटण दाबले.

किनाऱ्यावरच्या विहिरीत गोडे पाणी वर असते आणि खारे खाली दबा धरून बसलेले असते. घरापुरते उपसले तर दोन्ही आपापल्या जागी राहतात. आळी, पाहुणे आणि तलाव एकाच विहिरीवर चालू लागले तेव्हा खारे वर आले. शिमग्याच्या सुमारास चहाची चव गेली. मग डाळ शिजेना, हंड्यांना पांढरा थर धरू लागला, माडांची पाने टोकाला करपली. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

सत्यवतीला डॉक्टरांनी मीठ वर्ज्य केले आहे. किनाऱ्यावर जन्मलेल्या बाईने सुकट सोडली, सुके बोंबील सोडले, पापड आणि लोणचे सोडले, पेजेतही मीठ घेणे बंद केले. आणि आता ते पाण्यातून पोटात जाऊ लागले. अर्जदार बाटल्यांचे पाणी आणीत असे, पण ती चोरून घडवंचीवरच्या कळशीतलेच पीत असे. बाटलीतले पाणी शिळे लागते, म्हणे. पाय सुजले, चपला पायांत शिरेनाशा झाल्या. प्राप्ती येऊन तिला पनवेलला घेऊन गेली. एसटीत बसताना सत्यवती म्हणाली, ‘‘विहीर गोड झाली की न्यायला या.’’ अर्जदार ‘‘येतो’’ म्हणाला. तिला घरी आणणे एवढाच या सर्व प्रकरणात अर्जदाराचा हेतू आहे आणि होता. दुसरा कोणताही हेतू नोटिशींत लिहिला असल्यास तो चुकीचा आहे.

ती गेल्यानंतर आळीने आपल्याकडे तक्रार केली की, अर्जदार खारे पाणी पुरवतो. पहिली सही कृष्णाबाईंची आहे. दुसरी हर्षद यांची असून पाहुण्यांचे केस चिकट होतात व ते इंटरनेटवर वाईट लिहितात, असे त्यांनी जोडले आहे. अन्नछत्रात जेवायचे आणि वर मिरपूड मागायची, यास दुसरे काय म्हणावे? त्यावर आपली पहिली नोटीस आली. ती वाचून अर्जदाराने हातकरवत घेतली, अंगणातला जोड स्वतःच्या हाताने कापला आणि आळीच्या बाजूच्या पाइपच्या तोंडात लाकडाचे बूच ठोकले. काम ओबडधोबड झाले. मोठमोठ्या प्लंबरांनी जे केले नाही ते एका कारकुनाने केले म्हणून क्षणभर त्याला बरे वाटले. संध्याकाळी आळी कोरडी पडली, कारण गणराज यांनी चावी फिरवलीच नव्हती. त्यांना आणून उभे केले, तर इतक्या महिन्यांत चावी गंजून घट्ट बसलेली. जोर लावल्यावर तिची दांडी हातात आली. नव्या चावीचा प्रस्ताव आपण तालुक्याला पाठवला आहे असे समजते. विनापरवानगी पाणीपुरवठा खंडित केल्याबद्दल दुसरी नोटीस मात्र प्रस्तावाची वाट न पाहता आली.

आता आळी अर्जदाराशी बोलत नाही. ओटीवर कोणी येत नाही. जनी समोरून आली तर डोक्यावरचा पदर सावरून कडेने निघून जाते, आणि ती वाईट बाई नाही. आळीत टँकर येतो तेव्हा अर्जदारही हंडा घेऊन रांगेत उभा राहतो. त्याला कोणी हाकलत नाही, त्याच्यासाठी कोणी पुढे सरकतही नाही. जोड कापल्यापासून उपसा थांबला आहे. अशी विहीर काही पावसाळ्यांनी गोडावते, कधी गोडावतच नाही. अर्जदाराचे वय आपल्या दप्तरी आहेच.

सबब अर्जदाराच्या मागण्या अशा :

१) दोन नोटिशींपैकी कोणतीही एक आपल्या पसंतीने कायम ठेवावी आणि दुसरी मागे घ्यावी. जी राहील तिच्यातला गुन्हा अर्जदार कबूल करील.

२) तसे करणे नियमात बसत नसल्यास अर्जदारास खालच्या आळीचा पाणीपुरवठा करणारा म्हणून मागील तारखेपासून रीतसर नेमावे, म्हणजे त्याला रीतसर राजीनामा देता येईल.

३) चावीच्या प्रस्तावाचे काय झाले ते कळवावे. ‘विचाराधीन’ असे उत्तर असल्यास कळवू नये.

चौथी मागणी काल दुपारपर्यंत नव्हती. सत्यवती रोज सकाळी फोन करते आणि पहिला प्रश्न विचारते, ‘‘आज कसं हाय पानी?’’ अर्जदार उठल्याबरोबर पोहरा सोडून पाणी चाखतो आणि खरे ते सांगतो. काल सकाळी फोन आला नाही. दुपारी आला. तिने पाण्याचे विचारले नाही. कपाटात तिची राहिलेली लुगडी आहेत, ती हर्षद गाडी घेऊन पनवेलला येईल तेव्हा त्याच्याबरोबर पाठवून द्या, म्हणाली. आवाज चांगला होता, रडका नव्हता. अर्जदाराने लुगडी काढून गाठोडे बांधले आहे. हर्षद शनिवारी जाणार आहे.

म्हणून चौथी मागणी एवढीच की, शनिवारच्या आत एकदा, फक्त एकदा, अर्जदाराच्या नळाला ग्रामपंचायतीचे गोडे पाणी सोडावे. हंडाभर पुरे. म्हणजे फोन करून ‘‘ये, पाणी आलं’’ असे त्याला खोटे न बोलता म्हणता येईल. तिने यावे किंवा न यावे, हा पुढे तिचा प्रश्न राहील. आपल्याकडून हे होणार नाही याची अर्जदारास पूर्ण कल्पना आहे. तरीही अर्ज करणे भाग आहे, कारण शनिवारपर्यंत करण्यासारखे त्याच्याकडे दुसरे काही उरलेले नाही.

दिनांक : १९ मे २०२५
ठिकाण : आंबेखार

आपला नम्र आणि अद्याप याच आळीत राहणारा,
(सही)
दत्तात्रेय धर्माजी म्हात्रे

सोबत :
१) दोन्ही नोटिशींच्या प्रती.
२) कापलेल्या पाइपचा तुकडा, कॉकसह.
३) विहिरीच्या पाण्याची बाटली, आज सकाळची. आपण स्वतः चाखून पाहावी, शिपायास चाखावयास देऊ नये.